साइटवरचा नकाशा नेमका कुठला खरा? बांधकामाची ऑनलाइन सॉफ्टवेअरं, सरळ भाषेत

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला स्लॅब पडायचा होता. आरएमसीच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या, गाड्या सांगून ठेवलेल्या, सेंट्रिंग झालेलं, सळई बांधून झालेली, आणि मी संध्याकाळी शेवटचं चेकिंग करायला वर चढलो, तर टॉयलेटचा संक, म्हणजे स्लॅबचा तो खाली घेतलेला भाग, मला जागेवर वाटेना. टेप लावली. सव्वा फूट पूर्वेला. परत लावली, तेवढंच. सेंट्रिंगवाल्या तात्यांना विचारलं तर त्यांनी खिशातनं मोबाईल काढून फोटो समोर धरला, "साहेब, हे बघा की, तुमच्याच ग्रुपवर आलंय, ह्याच्याप्रमाणंच ठोकलंय." आणि तात्या खरं बोलत होते. फोटो मोठा करत करत कोपऱ्यात गेलो तर फुटलेल्या अक्षरात आर २, म्हणजे नकाशाची दुसरी सुधारित आवृत्ती, असं दिसलं. माझ्या हातातल्या प्रिंटवर आर ३ होतं.

आर ३ आर्किटेक्टकडनं अकरा दिवस आधी मेलवर आला होता. मी प्रिंट काढली, पीडीएफ ग्रुपवर पण टाकली, पण त्यानंतर ग्रुपवर क्रश सँडच्या पावत्या, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, पाण्याच्या टँकरचा हिशोब असं सगळं चढत गेलं आणि तात्यांच्या मोबाईलमध्ये आधीचा फोटो सेव्ह होता तोच राहिला. रातोरात गाड्या रद्द केल्या, संक उघडून परत केला, सळई परत बांधली, दोन दिवस आणि बारा माणसांची मजुरी गेली. चुकलं कुणाचं ह्यावर साइटवर लई वाद झाला, पण खरं सांगायचं तर प्रत्येकजण आपल्या हातातल्या नकाशाप्रमाणं बरोबरच होता.

तेव्हापासनं मी ही ऑनलाइन सॉफ्टवेअरं मनापासनं बघायला लागलो, काही वापरली, काहींचा फुकटातला ट्रायल घेतला, काहींवर दुसऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये काम करायला लागलं. आपल्याकडं कोल्हापुरात बिल्डर, आर्किटेक्ट, कॉन्ट्रॅक्टर मंडळी अधनंमधनं विचारतात की बाबा कुठलं घ्यावं. तर हे त्यांच्यासाठी.

आधी अवघड काय आहे ते समजून घेऊ. एखाद्या ऑफिसात वीस माणसं काम करतात ती सगळी एकाच मालकाची, एकाच सर्व्हरवर, एकाच साहेबाचं ऐकणारी. बांधकामात तसं नसतं. साधी पाच मजली इमारत घ्या, त्यात मालक वेगळा, आर्किटेक्टचं ऑफिस वेगळं, आरसीसी कन्सल्टंट वेगळा, कॉन्ट्रॅक्टर वेगळा, त्याच्या हाताखाली सेंट्रिंगवाले, फिटर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वॉटरप्रूफिंगवाले, लिफ्टची कंपनी, आणि ह्या सगळ्यांचा एकमेकांशी व्यवहार फक्त ह्या एका कामापुरता. काम संपलं की सगळे पांगले. प्रत्येकाला आपली गुपितं पण असतात, कॉन्ट्रॅक्टरला आपले रेट प्लंबरला दाखवायचे नसतात, आर्किटेक्टला अर्धवट नकाशा साइटवर जायला नको असतो. म्हणजे सगळ्यांना एकत्र पण आणायचंय आणि प्रत्येकाला आपापली खोली पण पाहिजे. नेहमीचं ऑफिसचं सॉफ्टवेअर इथं कमी पडतं ते ह्याच्यामुळं.

आता ह्या सगळ्या सॉफ्टवेअरांच्या मुळाशी एक कल्पना आहे, ती समजली की बाकी सगळं सोपं. २०१८ साली आयएसओ १९६५० नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानक आलं, ते ब्रिटनमधल्या जुन्या मानकावरनं तयार झालं. त्यात असं सांगितलंय की प्रोजेक्टची सगळी माहिती एका सामाईक ठिकाणी ठेवा आणि प्रत्येक कागद चार अवस्थांतनं जाऊ दे. आपल्या लग्नपत्रिकेचं उदाहरण घ्या. आधी घरात वहीवर कच्चा मजकूर लिहितात, त्यात खाडाखोड चालते, तो बाहेर कुणी बघत नाही. मग प्रेसवाल्याकडनं प्रूफ येतं, ते काका, मामा, आत्या सगळ्यांना दाखवतात, कुणाचं नाव राहिलं, कुणाचं चुकलं ते बघतात, पण ते प्रूफ कुणी पाहुण्याला वाटत नाही. मग सगळ्यांनी हो म्हटल्यावर छापतात, आणि वाटायची असते ती हीच. आणि एक प्रत कपाटात जपून ठेवतात. नकाशाचं अगदी हेच: चालू कामातला, चर्चेला दिलेला, बांधकामासाठी मंजूर केलेला, आणि जुना झालेला पण जपून ठेवलेला. साइटवर फक्त तिसऱ्या अवस्थेतला नकाशा पोचला पाहिजे. तात्यांच्या मोबाईलमध्ये जो होता तो चौथ्या अवस्थेत गेलेला होता, फक्त ते त्यांना सांगणारी यंत्रणा आमच्याकडं नव्हती.

म्हणून सॉफ्टवेअर बघायला बसलात की विकणाऱ्याला पहिलं विचारा की साइटवर उभ्या असलेल्या माणसाला चालू नकाशा कुठला हे न विचारता कळणार का, आणि तो नकाशा कुणी, कधी मंजूर केला हे तीन वर्षांनी सापडणार का. चार्ट, डॅशबोर्ड, रंगीत आलेख हे सगळं नंतर.

सुरुवात व्हॉट्सअॅपपासनंच करूया कारण सगळी साइट त्याच्यावरच चालते, आणि त्याला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. गवंड्यापासनं मालकापर्यंत सगळ्यांना येतं, शिकवावं लागत नाही, फोटो लगेच जातो, व्हॉइस मेसेज टाकता येतो ज्याला लिहायला जमत नाही त्याच्यासाठी, हे फार मोठं आहे. पण नकाशा फोटो म्हणून टाकला की तो दाबून लहान होतो, एचडी निवडलं तरी मूळ फाइल जशीच्या तशी जात नाही. ए १ साइजचा कागद म्हणजे ८४१ बाय ५९४ मिलिमीटर, तो दाबून सहा इंची स्क्रीनवर आणला की मापातला ३ आणि ८ ओळखू येत नाही. डॉक्युमेंट म्हणून टाकला तर मात्र जसाच्या तसा जातो, २ जीबीपर्यंतची फाइल चालते, तेव्हा निदान एवढं तरी आजपासनं करा. खरा घोळ असा की नवीन फाइल आली म्हणून जुनी मागं सरकत नाही, दोन्ही शेजारी शेजारी पडून राहतात आणि मोबाईलला कळत नाही की ह्यातली कुठली मेली. शिवाय मध्येच ग्रुपमध्ये आलेल्या नवीन प्लंबरला आधीचं आपोआप काही दिसत नाही, आणि कुणी मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला तर पुरावा गेला. बोलायला व्हॉट्सअॅप, ठेवायला दुसरं काहीतरी, हे मी आता पक्कं ठरवलंय.

ठेवायला म्हटलं की पुढची पायरी गूगल ड्राइव्ह. १५ जीबी फुकट, तेवढ्यात जीमेल आणि फोटो पण मोजतात हे लक्षात ठेवा. ड्राइव्हबद्दल एक युक्ती सांगतो जी मला स्वतःला उशिरा कळली आणि छोट्या कामाला लई उपयोगाची आहे. नवीन नकाशा आला की तो वेगळ्या नावानं अपलोड करायचा नाही, जुन्या फाइलवर जाऊन 'मॅनेज व्हर्जन्स' उघडायचं आणि तिथं नवीन व्हर्जन चढवायचं. फाइलची लिंक तीच राहते, आतला कागद बदलतो. मग त्या लिंकचा क्यूआर कोड छापून साइटच्या बोर्डवर लावा, ज्यानं स्कॅन केलं त्याला नेहमी ताजाच नकाशा दिसणार. आम्ही टिपिकल फ्लोअर, जिना, टॉयलेट डिटेल असे सहा क्यूआर लॅमिनेट करून सिमेंटच्या गोडाऊनच्या दारावर लावले होते, कार्डवर मोठ्या अक्षरात मराठीत नाव. पण एक मोठी गोम आहे. पीडीएफसारख्या फाइलची जुनी व्हर्जन ड्राइव्ह ३० दिवसांनी काढून टाकतं, किंवा शंभरापेक्षा जास्त झाली की. काढू नको म्हणून त्या व्हर्जनवर 'कीप फॉरएव्हर' दाबावं लागतं. आपल्या बांधकामात भांडण सहा महिन्यांनी निघतं, बिलाच्या वेळी, की जुन्या नकाशात ही भिंत नव्हती, ही एक्स्ट्रा आहे. तेव्हा जुनं व्हर्जन पाहिजे असतं आणि ते गेलेलं असतं. दुसरं म्हणजे फाइल ज्याच्या अकाउंटवरची त्याच्या मालकीची, तो पोरगा नोकरी सोडून पुण्याला गेला की सगळं लटकतं, म्हणून प्रोजेक्टच्या नावानं वेगळं अकाउंट काढा आणि पासवर्ड दोघांकडं ठेवा. ड्रॉपबॉक्सचं पण साधारण असंच, फुकटात फक्त २ जीबी आणि जुनी व्हर्जन ३० दिवस.

ट्रेलो, झोहो प्रोजेक्ट्स ही कामाची यादी ठेवायची साधनं, ऑफिसात बरी चालतात, पण त्यांना नकाशा म्हणजे काय ते माहीत नसतं, त्यांच्या लेखी तो एक जोडलेला कागद. साइटसाठी एवढ्यावर भागत नाही.

इथनं पुढं येतात खास बांधकामासाठी बनवलेली. त्यात नकाशा मध्यभागी असतो, बाकी सगळं त्याला चिकटतं. फील्डवायर घ्या, सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेलं, २०२१ मध्ये हिल्टीनं घेतलं, हो तीच हिल्टी, ड्रिल मशीनवाली. ह्यात तुम्ही नकाशे चढवता, ते मोबाईलवर पटकन उघडतात, आणि नकाशावर जिथं अडचण आहे तिथं बोट ठेवून टाचणी टोचल्यासारखी नोंद करता येते. समजा तिसऱ्या मजल्यावर किचनच्या खिडकीचा छज्जा बीमला लागतोय. तर तिथंच टाचणी, त्याला फोटो जोडा, कुणी करायचं त्याचं नाव, कधीपर्यंत ते लिहा. त्या माणसाला मोबाईलवर येतं, त्यानं काम केल्यावर फोटो टाकून बंद केलं की टाचणीचा रंग बदलतो. मी म्हणतो साइटवरच्या माणसाला 'बी ४ आणि सी ४ च्या मधल्या ग्रिडवर' असं लिहून सांगण्यापेक्षा नकाशावर बोट ठेवणं शंभर पटीनं सोपं, तात्यांना दहा मिनिटात जमलं. आणि महत्त्वाचं, नवीन नकाशा त्याच नंबरानं चढवला की जुना मागच्या बाजूला जातो, समोर नवीनच येतो, टाचण्या तशाच राहतात. छोट्या टीमसाठी मर्यादित फुकट प्लॅन पण आहे, शिकायला तेवढा पुरतो.

हीच कल्पना प्लॅनग्रिडनं २०११ च्या सुमारास आयपॅडवर आणली होती, कागदाचे गठ्ठे प्रिंट करायचा खर्च वाचवायचा म्हणून. २०१८ मध्ये ऑटोडेस्कनं ती कंपनी ८७.५ कोटी डॉलरला घेतली आणि पुढं ते सगळं ऑटोडेस्क कन्स्ट्रक्शन क्लाउड ह्या कुटुंबात, ऑटोडेस्क बिल्ड आणि डॉक्स ह्या नावांखाली विरघळलं. ऑटोडेस्क म्हणजे ऑटोकॅडवाले, आणि रेव्हिट हे इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर पण त्यांचंच, त्यामुळं ज्या आर्किटेक्टचं काम आधीपासनं रेव्हिटमध्ये आहे त्याला हे सरळ जातं. ह्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तुलना: आर २ आणि आर ३ एकावर एक ठेवले की जे बदललं ते वेगळ्या रंगात दिसतं. नाहीतर आपण काय करतो, दोन प्रिंट खिडकीच्या काचेला एकावर एक लावून उजेडात बघतो, मी पण बघितलंय तसं. नकाशात बदल केलेल्या जागेभोवती ढगासारखी रेघ काढायची पद्धत आहे, पण घाईत एखादा ढग काढायचा राहतो आणि नेमका तोच बदल साइटवर महागात पडतो. पीडीएफवर असंच एकावर एक ठेवून बघायचं काम ब्लूबीम रेव्हू पण करतं, त्यात चार-पाच जण एकाच वेळी एकाच कागदावर खुणा करू शकतात, पण ते मुख्यतः ऑफिसात, कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्यांसाठी.

प्रोकोरचं नाव तुम्ही ऐकलं असेल, २००२ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली कंपनी, २०२१ पासनं न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आहे. ह्यांचं वेगळेपण पैसे घेण्याच्या पद्धतीत आहे. बाकीचे बहुतेक माणशी पैसे घेतात, प्रोकोर तुम्ही वर्षाला किती रकमेचं बांधकाम करता त्यावर घेतं आणि माणसं कितीही जोडा. हे ऐकायला बिलाचा प्रकार वाटतो, पण ह्याचा साइटवर थेट परिणाम होतो. माणशी पैसे असले की मालक म्हणतो प्लंबरला कशाला, सेंट्रिंगवाल्याला कशाला, तुम्ही चौघं वापरा. आणि मग ज्याच्या हातात हातोडा आहे तोच बाहेर राहतो. आमच्या संकची चूक तशीच झाली असती, सॉफ्टवेअर असून. म्हणून कुठलंही घेताना हे विचाराच की नुसतं बघणाऱ्या माणसाचे पैसे लागतात का. प्रोकोर मोठ्या कामांसाठी आहे, टेंडरपासनं बिलापर्यंत सगळं त्यात बसतं, आपल्या एखाद्या अपार्टमेंटला ते म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाला जाण्यासाठी एसटी बुक करण्यासारखं होईल.

ह्या सगळ्यांत दोन शब्द सारखे कानावर येतात. आरएफआय म्हणजे साइटवरनं विचारलेली लेखी शंका: "कॉलम सी ७ शेजारच्या डक्टचं माप आरसीसी नकाशात दोन फूट आहे आणि आर्किटेक्टच्या नकाशात अडीच, कुठलं धरू?" आपण हे फोनवर विचारतो, आर्किटेक्ट गाडी चालवत असतो, म्हणतो अडीच धर, आणि चार महिन्यांनी दोघांपैकी कुणालाच आठवत नाही. सॉफ्टवेअरमध्ये त्या शंकेला नंबर पडतो, कुणाच्या कोर्टात किती दिवस अडकलीय ते दिसतं, उत्तर आलं की ते त्याच नंबराखाली कायम राहतं. दुसरा शब्द स्नॅग लिस्ट, म्हणजे शेवटी राहिलेल्या बारीक चुकांची यादी, टाइल पोकळ वाजतेय, दाराला गॅप आहे, इत्यादी. स्नॅगसाठी तर मी म्हणेन की बाकी काही नाही घेतलं तरी टाचणीवालं अॅप घ्या, ताबा द्यायच्या वेळी ग्राहकासोबत फिरताना तिथल्या तिथं नोंद होते.

आता अॅकोनेक्स. हे २००० साली मेलबर्नमध्ये सुरू झालं, २०१८ मध्ये ओरॅकलनं घेतलं. मला वाटतं सगळ्यांत खोल विचार ह्यांनी केलाय, म्हणून जरा थांबतो इथं. बाकी बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअर ज्यानं विकत घेतलं तो घरमालक आणि बाकी सगळे पाहुणे. घरमालकाच्या हातात सगळ्या चाव्या, त्यानं उद्या तुमचा प्रवेश बंद केला तर तुमची पत्रं, तुमची उत्तरं, सगळं त्याच्या घरात. भांडण झालं की पहिलं हेच होतं. अॅकोनेक्समध्ये प्रत्येक कंपनीची आपली स्वतंत्र खोली असते, तुम्ही जे पाठवलं आणि तुम्हाला जे आलं ते तुमच्या खोलीत राहतं, आणि एकदा पाठवलेलं पत्र कुणालाच खोडता येत नाही, पाठवणाऱ्याला पण नाही. कुणी कुठलं व्हर्जन कधी उघडलं ह्याची नोंद राहते. आपल्या व्यवहारात 'मी पाठवलं होतं' आणि 'मला मिळालंच नाही' ह्या दोन वाक्यांवर किती बिलं अडकतात ते ज्यानं बिल काढलंय त्याला विचारा. विमानतळ, मोठी हॉस्पिटलं, अनेक देशांतल्या कंपन्या असलेली कामं ह्यावर चालतात त्याचं कारण हेच. वापरायला मात्र जड आहे, प्रत्येक कागदाला दहा रकाने भरायचे, त्यासाठी एक डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणून माणूसच लागतो.

प्रोजेक्टवाइज हे बेंटली ह्या सॉफ्टवेअर कंपनीचं, रस्ते, रेल्वे, धरणं, पूल असल्या कामांत जास्त. ट्रिम्बल कनेक्टमध्ये थ्रीडी मॉडेल बघायला छान, स्केचअपवाल्यांना सोयीचं, वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधली मॉडेलं आयएफसी नावाच्या खुल्या फॉरमॅटमध्ये एकत्र आणून कुठं पाइप बीममधनं जातोय ते आधीच बघता येतं. आणि आपल्या देशातलं पॉवरप्ले, बेंगळुरूचं, त्याचा रोख नकाशापेक्षा रोजच्या हिशोबावर आहे: आज किती बिगारी आले, किती गवंडी, सिमेंटची किती पोती आली, किती लागली. छोट्या कॉन्ट्रॅक्टरचं खरं डोकं दुखतं ते तिथंच, त्यामुळं त्यानं तिथनं सुरुवात केली तर काही चूक नाही, फक्त नकाशाचा प्रश्न सुटला असं समजू नका.

थोडं कागदाविषयी पण बोलायला पाहिजे, कारण बरीच जुनी मंडळी म्हणतात आमची फाइल बरी. २०१९ च्या ऑगस्टचा आणि २०२१ च्या जुलैचा महापूर इथं कुणीच विसरलेलं नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटाला आलं की इशारा, ४३ ला धोका, आणि दोन्ही वेळा ते कितीतरी वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद, शाहूपुरीतल्या गल्ल्यांत होड्या. आमच्या ओळखीच्या एका ऑफिसात तळमजल्यावर नकाशांच्या गुंडाळ्या उभ्या करून ठेवायचं पिंप होतं. पाणी उतरल्यावर मी गेलो होतो बघायला. गुंडाळ्या फुगून पिंपात गच्च बसलेल्या, बाहेर ओढलं की लगदा हातात येत होता, आणि सगळ्यात वरच्या ट्रेसिंगवर गाळाचा एक पापुद्रा वाळून तडकलेला, त्याखाली कुणीतरी शाईनं काढलेला जिना अजून दिसत होता. वीस वर्षांचं काम होतं ते. कागद वाईट नाही, साइटवर मी आजही प्रिंट काढतो, पण एकाच ठिकाणी, एकाच प्रतीत ठेवलेलं काहीही सुरक्षित नाही.

जपून ठेवायचं ते किती वर्षं, तर ह्याला कायद्याचा आधार आहे. रेरा, म्हणजे बिल्डर आणि ग्राहकांच्या व्यवहाराचा स्थावर मालमत्ता कायदा, त्याच्या कलम १४ प्रमाणं ताबा दिल्यापासनं ५ वर्षांत स्ट्रक्चरमधला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला तर बिल्डरनं ३० दिवसांत पदरच्या पैशानं दुरुस्त करून द्यायचा असतो. आणि ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा प्लॉट आणि ८ पेक्षा जास्त फ्लॅट असं दोन्ही असलं की रेराची नोंदणी आलीच, म्हणजे कोल्हापुरातली कितीतरी कामं त्यात येतात. आता बघा, काम दोन-अडीच वर्षं, वर पाच वर्षं, म्हणजे सात-आठ वर्षांनी तुम्हाला टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचे फोटो लागू शकतात. सॉफ्टवेअरची वर्गणी तर तुम्ही काम संपल्यावर बंद करणार. म्हणून घ्यायच्या आधी, पैसे भरायच्या आधी, विचारा की बाहेर पडताना सगळं एकदम उतरवून घेता येतं का, आणि नुसत्या फाइली मिळतात की कुणी कधी मंजूर केलं ती नोंद पण सोबत मिळते. काही ठिकाणी फाइली मिळतात पण शंका-उत्तरांचा धागा तुटतो. शिवाय १ जुलै २०२४ पासनं लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं, तेव्हा नोंद कुठल्या सिस्टीममधली, कुणाच्या ताब्यात होती हे सांगता आलं पाहिजे. कुणाच्या तरी मोबाईलमधला फॉरवर्ड झालेला स्क्रीनशॉट तिथं कसा टिकेल ते तुम्हीच बघा.

विकायला येणारा माणूस ऑफिसात, वायफायवर, मोठ्या स्क्रीनवर डेमो देतो. त्याला खाली बेसमेंटला न्या. खरंच न्या. तिथं रेंज नसते, उजेड कमी, हाताला सिमेंट लागलेलं, आणि मुकादमाचा मोबाईल चार वर्षांपूर्वीचा, स्टोरेज भरलेला. तिथं नकाशा उघडतो का, नोंद करून वर आल्यावर ती आपोआप चढते का, ते बघा. चांगली अॅप नकाशे आधीच मोबाईलमध्ये उतरवून ठेवतात, पण त्यातही एक धोका आहे, रेंजमध्ये आल्यावर सिंक, म्हणजे ताज्या नोंदींशी जुळवणी, झालं नाही तर तोच जुना नकाशा मोबाईलवर बसून राहतो, म्हणजे परत आर २ आणि आर ३. त्यामुळं शेवटचं सिंक कधी झालं ते अॅप दाखवतं का हे बघायचं. अॅपची भाषा हा पण मुद्दा आहे, बटणं इंग्रजीत असली तरी चालतं कारण चित्रं असतात, पण मराठीत टाइप केलेलं नीट शोधता येतं का ते करून बघा, 'गिलावा' टाकून शोधलं तर गिलाव्याच्या नोंदी आल्या पाहिजेत.

मग कुणी काय घ्यावं? एखाद्या बंगल्याचं काम असेल, चार-पाच माणसं, तर ड्राइव्ह नीट लावा, क्यूआर चिकटवा, पुरे. पंचवीस-तीस फ्लॅटची इमारत असेल तर फील्डवायरसारखं टाचणीवालं काहीतरी घ्या आणि मंजूर महापालिकेचा नकाशा, साइटचे वर्किंग नकाशे आणि हिशोब ह्यांचे फोल्डर सुरुवातीलाच वेगळे करा, कारण परवानगीचा नकाशा आणि बांधायचा नकाशा एकाच फोल्डरमध्ये आला की हमखास घोटाळा होतो. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत बाहेरच्या कंपनीचा कारखाना बांधत असाल तर तुम्हाला निवड नसतेच, ते ऑटोडेस्क किंवा अॅकोनेक्स जे सांगतील ते शिकायचं, आणि ते मन लावून शिका, पुढच्या कामाला तेच उपयोगी पडतं. दोन सॉफ्टवेअरं एकाच कामात नकाशासाठी कधीही वापरू नका, ही एवढी विनंती.

आणि कुठलंही घेतलं तरी मंजूर नकाशा चढवायचा अधिकार एकाच माणसाकडं ठेवा, त्याच्या रजेत दुसरा एक. बाकी सगळ्यांना बघायचा आणि शंका विचारायचा अधिकार. आमच्याकडं हे काम ऑफिसातली एक ज्युनियर इंजिनिअर करते, ती मालकालाही म्हणते, "नंबर आणि तारीख टाकल्याशिवाय मी चढवणार नाही, दादा." मालक एकदा चिडले होते, आता तेच स्वतः तारीख विचारतात.

सध्याच्या साइटवर नवीन व्हर्जन आलं की ती चढवते, सगळ्यांच्या मोबाईलवर सूचना जाते, पण तेवढ्यावर आम्ही थांबत नाही. तात्यांचा पोरगा वर जाऊन भिंतीवरची जुनी प्रिंट काढतो, तिच्यावर लाल मार्करनं आडवी फुली मारतो, मागं तारीख टाकतो आणि खाली आणून माझ्या टेबलाच्या खणात ठेवतो, मग नवीन प्रिंट घेऊन वर जातो. जुनी हातात दिल्याशिवाय नवीन मिळत नाही. परवा जिन्याचा आर ५ आला तेव्हा मी साइटवर नव्हतो, संध्याकाळी खण उघडला तर आर ४ फुली मारून ठेवलेला होता, मागं तात्यांच्या अक्षरात तारीख, आणि शेजारी लिहिलेलं, "पायरी सहा इंच, आधी साडेसहा होती, बघितलं."